भिवंडीतलं चीज डिप : मीठ, वीज आणि खरवड

हॉटेलात पालक-कॉर्नचं बेक्ड चीज डिप खाऊन आलात, घरी येऊन तेच करायला घेतलंत. चीज किसलं, दुधात टाकलं, गॅस मोठा केला. पाच मिनिटांनी भांड्यात काय होतं? वर तुपाचा तवंग, खाली रबरासारखा गोळा आणि मधे पालकाचं हिरवट पाणी. मग घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "हॉटेलवाल्यांचं काहीतरी वेगळंच असतं."

ते वेगळं नेमकं काय असतं, हे आज सांगणार आहे. नेहमीप्रमाणे जरा लांबून, इतिहासाच्या वाटेने.

नव्या वाचकांसाठी: माझं पीएचडीचं काम भिवंडी आणि आसपासच्या स्वयंपाकघरांच्या विसाव्या शतकातल्या इतिहासावर आहे. (नातेवाईक अजूनही विचारतात, "यावर पीएचडी मिळते?") कोणतं भांडं कधी आलं, कोणतं इंधन कधी आलं, बाजारात काय मिळायला लागलं आणि त्यामुळे घरातल्या बाईच्या कामात काय बदललं, असे माझे प्रश्न. भिवंडी यासाठी फार चांगली जागा आहे. कोकणी मुसलमान, आगरी, उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, गुजराती-मारवाडी व्यापारी अशी सगळी मंडळी इथे एकमेकांना लागून राहतात. एकच नवा पदार्थ इतक्या वेगवेगळ्या स्वयंपाकघरांत एकाच वेळी शिरताना बघायला मिळतो.

आधी नावाकडे बघू. जुन्या मुंबईतल्या, चर्चगेटच्या गेलॉर्डसारख्या (हे १९५६ पासूनचं) हॉटेलांच्या मेनूत 'ऑ ग्रातां' असा शब्द सापडतो. भाज्या, पांढरा सॉस, वर चीज, आणि वरचा थर तांबूस. 'ग्रातां' हा फ्रेंच शब्द खरवडणं या अर्थाच्या क्रियापदावरून आला. मुळात भांड्याच्या तळाला चिकटलेला, खरवडून काढायचा थर म्हणजे ग्रातां. म्हणजे काय? आपली खरवड! दुधाच्या पातेल्याची खरवड कोणी खायची यावरून ज्या घरांत भांडणं झाली आहेत, त्यांना हा पदार्थ समजावून सांगायची गरज नाही. पुढे तळाची खरवड वर आली, मुद्दाम केली जाऊ लागली, आणि तिला ताटात मान मिळाला.

हा पदार्थ आपल्याकडे 'बेक डिश' किंवा नुसतंच 'बेक्ड व्हेज' म्हणून घराघरांत पोचला. अर्जुन अप्पादुराई यांचा १९८८ सालचा एक गाजलेला निबंध आहे, भारतातल्या पाककृतींच्या पुस्तकांवरचा. शहरी मध्यमवर्गीय बायकांनी इंग्रजी पुस्तकांतून एकमेकींच्या प्रांतांतले पदार्थ कसे उचलले आणि त्यातून 'भारतीय जेवण' नावाची गोष्ट कशी घडली, हे ते दाखवतात. मला तो निबंध फार आवडतो, पण आपल्या भागात एवढ्याने भागत नाही. मराठीत 'स्त्री' मासिक १९३० पासून होतं, कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० ला आलं, आणि या छापील गोष्टींच्या शेजारी होती ती हाताने लिहिलेली वही. क्लासमध्ये उतरवून घेतलेली, शेजारणीकडून मागून आणलेली, मासिकातलं कात्रण डकवलेली. इतिहासकाराला अशी वही मिळाली की त्याने आधी डाग बघावेत. ज्या पानावर तेल-हळद सांडली आहे तो पदार्थ घरात होत होता, कोरं करकरीत पान म्हणजे नुसतीच हौस. अशा वह्या घर रिकामं करताना, इमारत पुनर्विकासाला जाताना रद्दीत जातात. तुमच्या घरी असेल तर कृपया टाकू नका. निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवा, डागांसकट.

आता चीज. घोळ इथेच आहे.

नैसर्गिक चीज म्हणजे दुधातलं केसिन नावाचं प्रथिन, त्याच्या जाळीत अडकलेली चरबी आणि थोडं पाणी. ही जाळी कॅल्शियमने बांधलेली असते. तुम्ही ती जोरात तापवली की प्रथिनं आक्रसतात, एकमेकांना चिकटतात आणि चरबीला बाहेर ढकलतात. तुमच्या भांड्यातला तवंग आणि गोळा तो हाच. यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. चेडरचा हा स्वभाव आहे, आणि युरोपातल्या आचाऱ्यांनाही तो शतकानुशतकं छळत आला.

त्यावरचा तोडगा १९११ साली स्वित्झर्लंडमधल्या थून गावी निघाला, तोही वेगळ्याच कारणासाठी. वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांना स्विस चीज उष्ण देशांत पाठवायचं होतं, आणि वाटेत ते टिकत नव्हतं. त्यांनी चीज किसून, त्यात सोडियम सायट्रेट घालून वितळवलं. हे क्षार कॅल्शियमला पकडून ठेवतात आणि त्याच्या जागी सोडियम येतं. जाळी सैल होते, प्रथिनं मोकळी होतात आणि चरबीला धरून ठेवतात. चीज एकजीव, मऊ होतं आणि पुन्हा तापवलं तरी फुटत नाही. याला आपण प्रोसेस्ड चीज म्हणतो. अमेरिकेत जेम्स क्राफ्टने १९१६ ला अशाच प्रकारच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं, आणि पहिल्या महायुद्धात त्याचे चीजचे डबे सैन्याला गेले.

म्हणजे जी वस्तू मुळात गरम हवेत टिकावी म्हणून बनली, ती आपल्याकडे आली यात नवल नाही. घरी फ्रीज नव्हते तेव्हा बंद डब्यातलं चीज चालत होतं.

पण आपल्या चीजची गोष्ट आणखी एका वळणाने जाते, आणि ती म्हशीची आहे. मुंबईला दूध कमी पडायचं म्हणून १९४५ च्या सुमारास खेडा जिल्ह्यातून, आणंदहून, ते आणायची सरकारी योजना झाली. काम पोल्सन डेअरीकडे गेलं. शेतकऱ्यांना भाव मिळेना. त्यांनी दूध घालणं बंद केलं आणि १९४६ च्या डिसेंबरात खेडा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ उभा राहिला, जो आपल्याला अमूल म्हणून माहीत आहे. मुंबईकरांच्या चहाच्या दुधावरून सुरू झालेलं भांडण, असं म्हटलं तरी चालेल.

हे दूध म्हशीचं. युरोपातली सगळी यंत्रं आणि सगळं शास्त्र गाईच्या दुधावर उभं. म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही, असं तज्ज्ञ सांगत होते. हरिचंद मेघा दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ च्या ३१ ऑक्टोबरला त्या कारखान्याचं उद्घाटन नेहरूंनी केलं. चीजच्या बाबतीतही म्हैस आडवी आली. तिच्या दुधात चरबी जास्त (गाईच्या साधारण ४ टक्क्यांच्या जागी ७ टक्के), केसिन जास्त, कॅल्शियमही जास्त. दही घट्ट लागतं, चीज कडक आणि कोरडं होतं, मुरायला वेळ लागतो. असं चीज किसून, क्षार घालून, वितळवून त्याची वडी पाडली की हे सगळे दोष झाकले जातात. माझं मत असं, की प्रोसेस्ड चीज आपल्याकडे रुजलं ते नुसतं स्वस्त किंवा टिकाऊ म्हणून रुजलं नाही. म्हशीच्या दुधाला ते मानवलं.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. दूध गोठवायला पूर्वी वासराच्या पोटातलं रेनेट वापरत. आपल्या बाजारातलं चीज बुरशीपासून मिळवलेल्या रेनेटवर होतं, म्हणून २००१ नंतर पाकिटांवर आलेला हिरवा ठिपका त्यावर बिनधास्त बसला. भिवंडीसारख्या गावात याचा अर्थ काय होतो बघा. तोच २५ ग्रॅमचा क्यूब जैन घरात चालतो, आगरी घरात चालतो आणि मोमीन घरातही कोणाला काही विचारावं लागत नाही. फार कमी नव्या पदार्थांना असा सगळ्या उंबरठ्यांवरून एकदम प्रवेश मिळालाय.

आता वरची खरवड, म्हणजेच आच.

हॉटेलच्या स्वयंपाकघरात वरून आच देणारं एक यंत्र असतं, त्याला सॅलॅमँडर म्हणतात. हे नाव जुन्या युरोपी हत्याराचं आहे: लांब दांड्याची लोखंडी चकती विस्तवात लाल करायची आणि पदार्थाच्या वर धरायची. सॅलॅमँडर हा पालीसारखा दिसणारा प्राणी आगीत जगतो अशी तिकडे समजूत होती, त्यावरून नाव. तुम्ही म्हणाल आपल्याकडे असलं काही नव्हतं. होतं की! गोव्यात बेबिंकाचा एकेक थर वरून निखाऱ्यांची आच देत भाजायचे. रायगडात थंडीत पोपटी लावतात: वालाच्या शेंगा, बटाटे वगैरे मडक्यात भरायचे, भांबुर्डीचा पाला कोंबायचा, मडकं पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. याला भाज्या बेक करणं नाही तर काय म्हणणार? आपल्याकडे भट्टी घरात नव्हती एवढंच. बेकरीची भट्टी होती, लाकडावरची, आणि दिवाळी-ईदला रवा-मैदा-तूप-साखर देऊन तिथून नानकटाई भाजून आणायची पद्धत मुंबई-पुण्याकडच्या कितीतरी गावांत होती. घरातलं बेकिंग असं अर्धं रस्त्यावर होतं.

ते घरात आलं विजेबरोबर, आणि भिवंडीत वीज म्हणजे आधी माग. हातमागांच्या जागी यंत्रमाग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच यायला लागले होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतलं विणकाम इकडे सरकलं आणि शहर मागांच्या खटखटाटाने भरून गेलं. साध्या यंत्रमागाची मोटर एक अश्वशक्तीची किंवा त्याहून लहान असते, एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७५० वॅट. आता तुमच्या ओटीजीवरचा आकडा वाचा. १५०० वॅट असेल तर तुम्ही डिप भाजताना निदान दोन माग चालवताय. हा हिशेब मला सुचला तेव्हा मी वीजबिलांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. ज्या शहरात माग बंद पडू नयेत ही सगळ्यात मोठी काळजी, तिथे संध्याकाळी ओव्हन लावणं ही चैन होती. २००५-०६ च्या भारनियमनाच्या काळात तर पंखा मिळाला तरी नशीब. जानेवारी २००७ पासून भिवंडीचं वीजवाटप टोरेंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून गेलं. त्या व्यवस्थेबद्दल गावात मतं दोन्ही बाजूंची आहेत, आणि बिलांचा विषय काढला तर हा लेख संपणार नाही. पण स्वयंपाकघराच्या इतिहासासाठी ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. लाइट जाणार नाही या भरवशावरच कोणी ओव्हनमध्ये दूध-चीजचं भांडं ठेवतं.

तोवर काय करायचे? गॅसवर ठेवायचा ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन, किंवा जाड कढईत वाळू नाहीतर मीठ तापवून त्यावर जाळी. बेक डिश अशीच शिकलेल्या बायका आजही भेटतात. त्यांना वरचा रंग आणायची युक्ती विचारा. लोखंडी तवा लालभडक तापवायचा आणि भांड्यावर अगदी जवळ धरायचा. युरोपातल्या स्वयंपाकघरातलं हत्यार त्यांनी पाहिलेलं नसतं, पण करतात तेच.

राहिला प्रश्न हॉटेलांचा. १९९६ साली डॉमिनोज आणि पिझ्झा हट भारतात आले, पाठोपाठ मोझरेला सगळीकडे झालं, आणि 'चीज म्हणजे तार सुटली पाहिजे' ही अपेक्षा तयार झाली. अमेरिकेत हे डिप पालक आणि आर्टिचोकचं करतात. आर्टिचोक आपल्याकडे कोणाला माहीत? त्याच्या जागी स्वीट कॉर्न आला, आणि खरं सांगायचं तर जास्त बरा लागतो.

आणि हा सगळा माल ठेवतात कुठे? आमच्याकडेच. मुंबईत शिरणाऱ्या मालावर जकात होती, ती १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत. जकातनाक्याच्या अलीकडे, ग्रामपंचायतींच्या हद्दीत गोदामं बांधली की माल लागेल तसा आत नेता येतो. काल्हेर, राहनाळ, पूर्णा, माणकोली इथे भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिली ती अशी. रोज कितीतरी किराणा आणि थंड माल इथून मुंबईकडे जातो. तो चढवणारे-उतरवणारे हमाल आणि मागावर बारा-बारा तासांची पाळी करणारे कामगार जेवतात खानावळीत, जिथे चूल आहे, ओव्हन नाही. डिपचा इतिहास लिहिताना मी ही ओळ दरवेळी घालतो. चाळणीत एकदा तरी उडते, पुन्हा घालतो.

चला, आता करायला घेऊ. चौघांपुरतं.

एक जुडी पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा, गार पाण्यात काढा आणि पिळा. मुठीत धरून, अगदी निर्दयपणे पिळा. भांड्यात जे हिरवं पाणी सुटतं ते इथेच संपवायचंय. वाटीभर मक्याचे दाणे उकडून निथळून घ्या. फ्लॉवर, गाजर, फरसबी घालायची तर बारीक चिरून अर्धवट शिजवा आणि कपड्यावर पसरून कोरडी करा.

दोन मोठे चमचे लोणी मंद आचेवर वितळवा, लसूण ठेचून घाला, मग दोन मोठे चमचे मैदा. कच्चा वास जाईपर्यंत परता, पण रंग येऊ देऊ नका. कोमट दूध दीड कप, थोडं थोडं घालत, हात न थांबवता. दाट झालं की मिरपूड आणि चिमूटभर जायफळ. हा पांढरा सॉस म्हणजे तुमचा विमा: मैद्यातला स्टार्च फुगून चीजच्या प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही.

आता गॅस बंद करा. बंदच. प्रोसेस्ड चीजचे चार क्यूब, म्हणजे १०० ग्रॅम, किसून त्या उष्णतेवरच ढवळा. थूनचे ते क्षार याच क्यूबमध्ये आहेत, पाकिटावर 'इमल्सिफायर' म्हणून लिहिलेलं असतं. नुसतं चेडर किंवा मोझरेला वापरायची हौस असेल तरी त्यात दोन क्यूब प्रोसेस्ड टाका, बाकीच्यांना तेच सांभाळून घेतात. तेही नको असेल तर एक मोठा चमचा लिंबाच्या रसात पाव छोटा चमचा खायचा सोडा घाला, फसफस थांबू द्या. वाटीत तयार झालं ते सोडियम सायट्रेट. दुधात बेधडक घाला, आंबटपणा संपलेला असतो, दूध नासणार नाही. वेगळं मीठ घालू नका, चव बघून मग ठरवा. चीज आधीच खारट असतं.

भाज्या मिसळा, पसरट भांड्यात ओता. वर ५० ग्रॅम मोझरेला आणि बेकरीतल्या टोस्टचा चुरा, थोडं लोणी चोळून. ओव्हन आधी तापवून २०० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, शेवटची दोन-तीन मिनिटं फक्त वरची कॉइल. आतलं सगळं शिजलेलंच आहे, ओव्हनचं काम खरवडीपुरतं. जास्त वेळ ठेवलंत तर पुन्हा तवंग येईल. ओव्हन नसेल तर मिठाची कढई २० मिनिटं आणि मग तापलेला तवा.

जैन घरांसाठी लसूण वगळा, हिंग नको, जिरेपूड चालते. सोबत कडक पाव, खारी किंवा भाजलेली चपाती. उरलंच तर दुसऱ्या दिवशी थेट आचेवर ठेवू नका. दोन चमचे दूध घालून गरम पाण्याच्या भांड्यावर हलवत राहा, किंवा सरळ पराठ्यात भरा. आणि भांड्याच्या कडेची खरवड वाढायच्या आधीच बाजूला काढून ठेवा.